‘गाडी थांबली’ : बल, गती आणि आपली क्रियापदे

जळगावच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माझ्या स्नेह्यांनी काही काळापूर्वी प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. प्रश्न साधा होता : सपाट रस्त्यावर ढकलून सोडलेली हातगाडी काही अंतर जाऊन का थांबते? गुणांचे निकष त्यांनी केव्हाच लावले होते. मजकडून त्यांना भाषेविषयी मत हवे होते. कारण विद्यार्थी निरनिराळ्या गावचे, निरनिराळ्या शाळांचे असूनही बहुतेकांचे वाक्य जवळजवळ एकच होते : ‘गाडीला दिलेला जोर संपला, म्हणून गाडी थांबली.’ ‘घर्षण’ हा शब्द पुष्कळांना ठाऊक होता. कित्येकांनी तो पुढच्या ओळीत लिहिलाही होता. परंतु पाहुण्यासारखा, वाक्याच्या कडेला. सहकाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे पडले की, मुले घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात, प्रमाण मराठी त्यांना परकी, म्हणून विचारात हा गोंधळ उत्पन्न होतो. मला हे निदान चुकीचे वाटले, व ते चुकीचे का वाटले हे सांगण्याच्या निमित्ताने हा लेख लिहीत आहे.

प्रथम पदार्थविज्ञानाचे म्हणणे थोडक्यात नोंदवू. न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथात गतीचा पहिला नियम आहे, तो असा की, वस्तूवर बाहेरून निव्वळ बल पडत नसेल तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने चालत राहते. म्हणजे गती सुरू होणे, गती वाढणे, दिशा बदलणे आणि गती थांबणे या सर्व घटनांना कारण लागते. केवळ चालत राहण्याला लागत नाही. हातगाडीचा जोर ‘संपत’ नाही. हात सुटला त्याच क्षणी हाताचे बल नाहीसे झाले; त्यानंतर गाडीपाशी होती ती गती, आणि ती गती जमिनीने, आसाने व किंचित हवेने तिच्याकडून काढून घेतली.

आता आपली भाषा याच घटना कशा सांगते ते पाहावे. मराठीत गतीची क्रियापदे बहुधा जोडीने येतात. पडणे–पाडणे, सरणे–सारणे, गळणे–गाळणे, तरणे–तारणे ही एक जात. चालणे–चालविणे, फिरणे–फिरविणे, वळणे–वळविणे, थांबणे–थांबविणे ही दुसरी. पहिल्या जातीतील स्वराची वाढ संस्कृतातील पतति–पातयति, सरति–सारयति या जोड्यांपासून चालत आली आहे; दुसऱ्या जातीतील प्रत्यय मराठीने सढळ हाताने वापरला आहे. मराठी धातूंचा माग संस्कृत-प्राकृतापर्यंत नेण्याचे प्रचंड काम इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी केले. त्यांचा देह धुळ्यात १९२६ च्या अखेरीस पडला, आणि त्यांचा धातुकोश त्यांच्या पश्चात १९३७ साली प्रसिद्ध झाला. ज्या भूमीत हे काम झाले तेथेच धातूंमुळे पदार्थविज्ञानाची उत्तरे चुकावीत, हा योग मला मौजेचा वाटतो.

या जोड्यांत अर्थाची वाटणी अशी असते : अकर्मक रूपात वस्तूच कर्ता होते, घटना जणू तिची स्वतःची असते, प्रयोजक रूपात बाहेरचा कोणी कर्ता येतो आणि वस्तू कर्म होते. ‘पेला पडला’ आणि ‘मुलाने पेला पाडला’. व्याकरण म्हणून यात काहीच दोष नाही. परंतु बोलणारा यांपैकी कोणते रूप केव्हा निवडतो ते पाहिले म्हणजे चमत्कारिक गोष्ट दिसते. सुरुवातीसाठी आपण आवर्जून कर्ता शोधतो : गाडी कोणी ढकलली, चेंडू कोणी फेकला, दगड कोणी लोटला. शेवटासाठी मात्र कर्ता शोधीत नाही : गाडी थांबली, चेंडू विसावला, भोवरा पडला. माणसाने किंवा जनावराने अडविले तरच ‘थांबविली’ हे रूप येते. जमीन, हवा, वंगण आटलेला आस यांना कर्तेपण द्यावयास आपली जीभ धजत नाही. न्यूटनच्या दृष्टीने मात्र ढकलणारा हात आणि थांबविणारी जमीन एकाच पंक्तीला बसतात.

येथे एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. मराठीत तृतीयेची सोय आहे. ‘वाऱ्याने झाड पडले’, ‘धक्क्याने दिवा विझला’ असे आपण नित्य म्हणतो. अकर्मक क्रियापद ठेवूनही कारण सांगता येते. ‘घर्षणाने गाडी थांबली’ हे वाक्य निर्दोष मराठी आहे, हेही खरे. परंतु ही तृतीया हेतूची. ती वाक्यात आली तर आली, न आली तर वाक्याचे काही अडत नाही. ‘जमिनीने गाडी थांबविली’ यातील तृतीया कर्त्याची आहे. ती काढली की वाक्य पोरके होते. विद्यार्थ्याच्या वाक्यात घर्षण पाहुण्यासारखे बसते ते यामुळेच. तसे पाहिले तर ‘थांब’ हा धातू ज्या ‘स्तम्भ्’ पासून आला त्याला धरणारा, रोखणारा कर्ता लागत असे. खांबाशी त्याचे गोत्र आहे. मराठीपर्यंत येता येता धरणारा गळाला आणि धरला गेलेला तेवढा उरला.

आता ‘जोर’ या शब्दाकडे वळू. शब्द फारसी, पण तो इतका मुरला आहे की त्याचे परकेपण कोणास आठवत नाही. त्याच्यासोबत कोणती क्रियापदे नांदतात ते पाहावे : जोर येतो, जोर असतो, जोर ओसरतो, जोर संपतो. पावसाचा जोर, तापाचा जोर, पुराचा जोर. ओसरणे पाण्याचे, संपणे धान्याचे वा पैशाचे. म्हणजे जोर हा साठविता येणारा, खर्च होणारा माल आहे अशी भाषेची समजूत आहे. पाठ्यपुस्तक जेव्हा ‘बल’ म्हणते तेव्हा त्याला दोन वस्तूंमधला परस्परव्यवहार अभिप्रेत असतो. बल कोणाच्या अंगात नसते. ते एकाकडून दुसऱ्यावर, व्यवहार चालू असेपर्यंत, असते. पण ‘बल’ वाचताना विद्यार्थी मनात ‘जोर’ म्हणतो, आणि पाठोपाठ ‘संपला’ हे क्रियापद आपल्या पायांनी चालत येते. त्यात आणखी भर म्हणजे शास्त्राने ‘शक्ती’, ‘ऊर्जा’ व ‘बल’ या तीन शब्दांना तीन निरनिराळ्या राशी वाटून दिल्या. लोकव्यवहारात ते तिन्ही एकमेकांच्या जागी खुशाल बसतात.

विद्यार्थ्याच्या चुकीला अडाणीपणा म्हणण्यापूर्वी एका जुन्या दर्शनाची आठवण ठेवावी. वैशेषिकांनी बाणाच्या गतीचा विचार केला आहे. दोरीच्या रेट्याने बाणात पहिले कर्म उत्पन्न होते, त्या कर्मापासून ‘वेग’ नावाचा संस्कार उपजतो, तो संस्कार पुढचे पुढचे कर्म चालवितो आणि तो नाहीसा झाला की गुरुत्वामुळे बाण पडतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये बुरिदाँने मांडलेली कल्पनाही याच कुळातली. म्हणजे ‘जोर संपला’ असे लिहिणारा धरणगावचा मुलगा एकटा नाही. त्याच्या पाठीशी थोर मंडळी उभी आहेत. प्रशस्तपादाने तर असेही म्हटले आहे की, स्पर्शयुक्त द्रव्याशी होणारा विशिष्ट संयोग हा वेगाचा विरोधी होय. येथे संस्कार केवळ आपोआप सरत नाही, त्याला मारणारा बाहेरचा आहे, या सूचनेपर्यंत तो येऊन ठेपतो. अर्थात एवढ्यावरून न्यूटनचा नियम आमच्याकडे आधीच होता असे म्हणणे अयोग्य होईल. ‘वेग’ हा शब्दही तेथे गतीचे कारण सांगतो, आज गतीचे माप सांगतो. दोहोंत अंतर फार.

याच वैशेषिकांनी संयोगाचे दोन प्रकार केले होते : नोदन आणि अभिघात. एक चिकटून रेटणे, दुसरा आदळणे. ही वाटणी संस्कृत पोथीतून उठून आज कोणास आठवत नाही, पण बोलीत ती टवटवीत आहे. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात हमाल काय बोलतात ते कान देऊन ऐकावे. ‘रेटा’ म्हणजे अंग लावून काही वेळ दिलेला दाब. ‘धक्का’ म्हणजे क्षणाचा. ‘हिसका’ हाही क्षणाचा, पण ओढीचा. ‘टोला’ म्हटला की हातात काठी किंवा हातोडा आला. ‘लोटणे’ याने वस्तू हातावेगळी होते, ‘सारणे’ याने होत नाही. ‘ओढणे’ आणि ‘फरफटणे’ यांत जमिनीचा विरोध किती, हे सांगितले जाते. पदार्थविज्ञान बल आणि काळ यांच्या गुणाकाराला ‘आवेग’ म्हणते व संवेगातील बदल त्यावरून मोजते. दीर्घ काळाचे लहान बल आणि अल्प काळाचे मोठे बल यांनी सारखाच बदल घडू शकतो. रेटा आणि धक्का हे दोन शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याला हे समजावण्यास मिनिटही लागू नये. परंतु पुस्तकात दोहोंसाठी ‘बल प्रयुक्त केले’ एवढेच येते, आणि बोलीने राखलेला भेद वर्गाच्या दाराशी गळून पडतो.

कापसाच्या गठाणीचेच उदाहरण घेऊ. गठाण १७० किलोग्रॅमची, म्हणजे तिचे वजन सुमारे १,६६६ न्यूटन. फरशी व गठाण यांच्यातील स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५ आणि गतिक घर्षणाचा ०.४ धरू. दोघा हमालांनी मिळून ५०० न्यूटनचा रेटा दिला. गठाण हलली नाही. विद्यार्थी म्हणतो, ‘जोर कमी पडला’. ते खरे, पण अर्धेच. फरशीने गठाणीला उलट दिशेने नेमके ५०० न्यूटनने धरून ठेवले, हा उरलेला अर्धा. रेटा ६०० केला तर फरशीही ६०० देते. ८३३ च्या पलीकडे मात्र तिची ऐपत संपते व गठाण सुटते. एकदा सुटल्यावर तीच चाल राखण्यास ६६६ पुरेत. हमाल हे जाणतो, म्हणून सुटताच अंग थोडे सैल सोडतो. लक्षात घेण्याजोगे हे की, ६६६ चा रेटा असताना निव्वळ बल शून्य आहे, तरी गठाण चालली आहे. ‘रेटा आहे म्हणून चालली आहे’ या वाक्याने हे दिसत नाही; ‘फरशी अडवते तेवढेच हमाल देतो’ असे म्हटले की दिसते.

याहून बोधप्रद उदाहरण मोटेचे आहे. विहिरींवर विजेचे पंप बसले आणि मोट गेली. आजच्या विद्यार्थ्याने ती बहुधा चित्रातच पाहिलेली असते. तथापि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात व बहिणाबाई चौधरींच्या काव्यात तिचे जग अजून टिकून आहे. पाण्यासह मोट २०० किलोग्रॅमची धरू. वजन १,९६० न्यूटन. बैल एकसारख्या चालीने उतरत आहेत आणि मोट एकसारखी वर येत आहे. नाड्यातील ताण किती? वर्गात विचारा : बहुतेकजण ‘वजनापेक्षा जास्त’ असे सांगतील, कारण ‘त्याशिवाय वर कशी येईल?’ चाकाचे घर्षण सोडून दिले तर उत्तर नेमके १,९६० आहे. जास्त ताण लागतो तो मोट निघण्याच्या क्षणी, चाल धरेपर्यंत. मोट पाण्यात बुडालेली असताना पाणी तिला उचलून धरते, म्हणून तेवढा वेळ तो कमीही असतो. बैल ज्या उतारावरून जातात त्यास ‘धाव’ म्हणतात. (चाकावरची लोखंडी पट्टी तीही धाव, एकाच धातूपासून निघालेली ही दोन नामे एकाच शेतकऱ्याच्या तोंडी न भांडता राहत.) धावेचा उतार सातास एक व दोन्ही बैल मिळून ७०० किलोग्रॅमचे धरले, तर उताराच्या दिशेने त्यांच्या वजनाचा भाग ९८० न्यूटन होतो. निम्मा भार असा बैलांच्या वजनानेच उचलला. उरलेले ९८० न्यूटन बैलांच्या खुरांना पुढे रेटून जमीन देते. ‘बैल मोट ओढतात’ या तीन शब्दांच्या वाक्यात ना उतार आहे, ना जमीन. विहीर खणताना धावेचा उतार नीट बसविणाऱ्या माणसाला मात्र ती दोन्ही ठाऊक होती.

‘पडणे’ या क्रियापदाविषयी एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यातून सांगता येते. चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाची त्यात नोंद असून, लेख संस्कृतात असला तरी अखेरचा दानाचा तपशील तत्कालीन मराठीत उतरला आहे. ज्या सिद्धांतशिरोमणीसाठी हा मठ निघाला तो ११५० सालचा. त्याच्या गोलाध्यायात भास्कराचार्य म्हणतात की, पृथ्वीच्या ठायी आकर्षणाची शक्ती आहे. आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, आणि ती वस्तू पडत असल्यासारखी भासते. हा गुरुत्वाकर्षणाचा गणिती नियम नव्हे. अंतराचे, वस्तुमानाचे माप त्यात नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाने थबकून पाहावे असे त्यात काही आहे. ‘पडते’ हे कर्तरि रूप भासाचे, ‘ओढली जाते’ हे कर्मणि रूप वस्तुस्थितीचे, असा निवाडा त्यांनी केला आहे. रूढ क्रियापद घटनेचा खरा कर्ता लपविते, हे बाराव्या शतकात एका गणितज्ञाला प्रयोगाच्या फरकातून सांगावेसे वाटले.

बोलीकडे दोष टाकणाऱ्या सहकाऱ्यांना माझे उत्तर आता देतो. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता १९०७ च्या भिल्ली भाषांच्या भागात बसविले. त्या वर्गीकरणावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. अहिराणीचा भूतकाळ वेगळा आहे. ‘पडला’च्या जागी ‘पडना’, ‘पडली’च्या जागी ‘पडनी’. पण पडणे–पाडणे ही शिडी तिच्यातही तशीच आहे. थांबण्याला कर्ता न देण्याची खोड प्रमाण मराठीची जितकी, तितकीच अहिराणीची. पुण्याच्या मुलालाही ती आडवी येते. फरक एवढाच की, पुण्याच्या मुलाची चूक शुद्ध मराठीत असते, म्हणून तिला ‘संकल्पनेतील त्रुटी’ म्हणतात आणि आमच्या मुलाच्या चुकीला ‘बोलीचा परिणाम’ म्हणून गुणांखेरीज मानही कापला जातो.

‘जड’ या शब्दाचा त्रासही असाच सार्वत्रिक आहे. व्यवहारात जड म्हणजे वजनदार. शास्त्रात ‘जडत्व’ म्हणजे गतीतील बदलाला होणारा विरोध. नुकतेच वंगण घातलेले, उत्तम चालणारे भरले गाडे सपाटीवर हलवताना जो विरोध जाणवतो तो मुख्यतः त्याच्या वजनाचा नव्हे; वजन तर खाली लागते, आपण ढकलतो आडवे. विरोध असतो वस्तुमानाचा. आणि तेच गाडे चालू असताना थांबवावयास जा. तेथेही तोच विरोध, उलट बाजूने.

ही दुसरी बाजू किती गंभीर असते हे बारागाड्यांवरून कळते. चैत्र-वैशाखातील यात्रांत, पुष्कळ गावी आखाजीच्या सुमारास, एकास एक बांधलेल्या व माणसांनी भरलेल्या गाड्या भगत ओढतो. त्याच्या बाजूंना बगले असतात. श्रद्धेविषयी येथे मला बोलावयाचे नाही. गतीविषयी तेवढे सांगतो. प्रत्येक गाडी माणसांसह १,००० किलोग्रॅम धरली तर एकूण १२,००० किलोग्रॅम होतात. कठीण मातीवर लोखंडी धावेच्या चाकांचा विरोध वजनाच्या अडीच टक्के धरला तर तो २,९४० न्यूटन भरतो. एका माणसाचे पाय जमिनीवर धरून राहतील अशा ओढीच्या हा कित्येक पट आहे. बगल्यांचे हात आणि रस्त्याचा असेल तो उतार यांचा हिशेब त्यात आलाच पाहिजे. दोऱ्या थोड्या सैल असतील तर गाड्या एकदम न निघता एकीमागून एक निघतात आणि सुरुवात सोपी होते. भुसावळच्या यार्डात मालगाडी सुटताना डब्याडब्यांतून धावत जाणारा आवाज याच कारणाचा. पण निघाल्यावर काय? सेकंदाला २ मीटर चाल असली तर सर्व हात सुटल्यावरही, वरच्या विरोधाने, गाड्या थांबण्यास सुमारे ८ सेकंद व ८ मीटर लागतील. आणि उतार चाळिसास एक असला तर विरोध व उतार यांची बरोबरी होऊन त्या थांबणारच नाहीत. वाटेत सापडलेल्या माणसाला ८ मीटर फार झाले. अशा यात्रांत कोणी चाकाखाली आल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या ऐकणारे म्हणतात, ‘गाड्या थांबल्या नाहीत.’ थांबविण्याची योजना कोणी केली होती, हा प्रश्न त्या वाक्यातून निघतच नाही.

जळगावच्या श्रीरामाच्या रथापाशी मात्र तो प्रश्न आधीच सुटलेला आहे. १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघणाऱ्या या रथाला ओढणारे अनेक. परंतु चाकाखाली लाकडी मोगरी घालून त्याला थांबविणारे व वळविणारे निराळे, आणि तो त्यांचा मान आहे. येथे थांबण्याला कर्ता आहे, साधन आहे, शिवाय ‘मोगरी लावणे’ असे स्वतंत्र क्रियापदही आहे.

माझ्या स्नेह्यांना मी एवढेच सुचविले की, पुढच्या चाचणीत प्रश्नाचे क्रियापद बदलून पाहावे : ‘गाडी का थांबली?’ याऐवजी ‘गाडीला कोणी थांबविले?’ त्यांनी तसे केले. या खेपेस उत्तरांत ‘जमिनीने’ आले, ‘आसाने’ आले, एका मुलीने ‘रस्त्यावरच्या मुरमाने’ असे लिहिले. एकाने मात्र उत्तर न लिहिता कागदावर उलट प्रश्न विचारला होता : कोणीच थांबविले नसते तर ती कोठपर्यंत गेली असती?